८८ म्हणजे ताशी ८८ नव्हे!

गणपती जवळ आले की आमच्या कुडाळच्या वाडीच्या ग्रुपवर मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी सल्ल्यांचा पाऊस पडतो. यंदाचा सल्ला असा: टायरवर '१८५/६५ आर१५ ८८एच' असेल तर १८५ मिलिमीटर रुंदी, ६५ मिलिमीटर उंची, आर१५ म्हणजे १५ इंच त्रिज्या, आणि ताशी ८८च्या पुढे गेलात की टायर फुटतो. म्हणून पावसात शक्य तितका रुंद टायर घाला.

यातलं १८५ मिलिमीटर रुंदी तेवढं खरं.

आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची रचना. १५ हा रिमचा व्यास. त्रिज्या धरली तर रिम ३० इंचांची होते, आणि अख्खं चाक टायरसकट साडेचोवीस इंचांचं! पट्टी लावून बघायचीत तरी.

६५ हे टक्के आहेत. १८५चे ६५ टक्के, म्हणजे टायरची बाजू साधारण १२० मिलिमीटर उंच. म्हणूनच 'रुंद घाला' ऐकून कुणी २०५/६५ बसवला तर उंचीही वाढते. चाकाचा व्यास २६ मिलिमीटरने वाढतो, स्पीडोमीटर आधीपेक्षा ४ टक्के कमी दाखवतो आणि स्टिअरिंग पुरतं वळवलं की टायर आत घासू शकतो. शिवाय साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. पावसात कामाला येतात त्या खाचा, त्या १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर संपला.

आता ८८. वेग सांगतं ते पुढचं अक्षर: एच म्हणजे ताशी २१०. ८८ हा भाराचा सांकेतिक आकडा, एका टायरला ५६० किलो, तेही हवा बरोबर असेल तर. सणाच्या गाडीत महत्त्वाचं हेच: पाच माणसं, डिकी गच्च, परतताना नारळ आणि तांदळाची गोणी. स्वस्त मिळाला म्हणून ८२चा टायर घातलात तर दर चाकामागे ८५ किलो गेले. कंपनीने दिलेल्या आकड्याखाली उतरू नका.

हा सल्ला ज्या दाजींनी टाकला त्यांची गाडी काल आमच्या खळ्यात होती. वाकून टायर पाहिले. टायरच्या बाजूवर कोरलेल्या निर्मिती-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २३१६, म्हणजे २०१६च्या २३व्या आठवड्यातला माल. खाचा चांगल्या खोल, पण बाजूला बारीक भेगा पडल्यात. याबद्दल त्यांच्या सल्ल्यात अवाक्षर नाही.