उसाच्या तारखा आणि एक्सेलचा आगाऊपणा

५ ऑगस्टला लावलेला आडसाली (पावसाळ्यात लावायचा) ऊस कारखान्याच्या एक्सेल यादीत ८ मेचा होतो! भर उन्हाळ्यात, लातूरकडं टँकर फिरत असताना कोण ऊस लावतंय? ०५/०८ टाकलं की अमेरिकी सेटिंगवर एक्सेल महिना आधी धरतं. १५/०८ टाकलं तर पंधरावा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख नुसता मजकूर बनून रकान्याच्या डाव्या कडेला चिकटते. सॉर्ट केलं की असे सगळे शेतकरी तळाशी. अहो, तोडीचा क्रम याच तारखेवर लागतो! तोडणी मजुरांची टोळी उशिरा आली, वजन घटलं, तर भरून कोण देणार?

आणि २९ फेब्रुवारी १९००, जी कधी उगवलीच नाही, ती मात्र इथं खुशाल चालते. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून. मग आमच्या खऱ्या तारखांना का हात लावता?