मोठ्या माईच्या मोबाईलातले पाच ‘रामबाण’ उपाय

पहाटे साडेपाचला मोठ्या माईचा फोन. “पोरी, बकरी व्याली वं. दिवस नाही भरले. एक मेलंच निघालं, दुसरं हाय पण हालून नाही राह्यलं.” पौषातली थंडी, सात किलोमीटर रस्ता. मी पोचले तेव्हा ती पऱ्हाटीच्या शेकोटीच्या धुरात पिल्लू मांडीवर घेऊन बसलेली, आणि पिल्लाच्या तोंडाला दारूचा वास. मोठ्या बाबांच्या बाटलीतली ब्रँडी. वर चमचाभर दूधही पाजलेलं.

“काहून पाजलं?”

“मोबाईलवर त असंच सांगतलं होतं!”

मोबाईलवर म्हणजे ती सव्वाचार मिनिटांची क्लिप. मागे बासरी, वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’चा शिक्का. गेल्या महिनाभरात आमच्या तालुक्यातल्या बचत गटांच्या प्रत्येक ग्रुपवर ती आली असेल. अपुऱ्या दिवसांची बकरी आणि पिल्लू वाचवायचे पाच उपाय. मी पशुसखी आहे, म्हणजे गावातल्या जनावरांची साधी देखभाल बघणारी बाई; डॉक्टर नाही. पण यातल्या चार उपायांनी पिल्लं मरतात हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आधी ब्रँडी, कारण माझा राग तिथेच आहे. क्लिप म्हणते, थंड पडलेल्या पिल्लाला चमचाभर ब्रँडी द्या, अंगात गरमी येते. गरमी येत नाही, जाते. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आत उरलीसुरली ऊब बाहेर निघून जाते. माणसाला कान गरम झाल्यासारखे वाटतात ते म्हणूनच. शिवाय दारू यकृताला साखर तयार करू देत नाही. अपुऱ्या पिल्लाकडे ऊब निर्माण करणारी चरबी आधीच नावापुरती असते, साखरेचा साठाही तेवढाच. जे दोन पैसे गाठीला होते तेही काढून घ्यायचे, असा हा उपाय.

आणि दुधाचं काय? क्लिपमधला माणूस म्हणतो, “लगेच काहीतरी पोटात गेलं पाहिजे.” नाही. पिल्लाच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड आतून गार असेल, बोट चोखत नसेल, तर काहीही ओतू नका. मेडिकलमधला साधा थर्मामीटर गुदद्वारात लावा. बकरीच्या पिल्लाचं तापमान 101.5 ते 103.5 फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. शंभरच्या खाली असेल तर आतडी कामच करत नाहीत, आणि गिळायची ताकद नसल्याने दूध श्वासनळीत जातं. मोठ्या माईचं पिल्लू 96 होतं. मी छातीला कान लावला तर आत गुरगुर.

आधी ऊब. कोरड्या पोत्याने, सुती धोतराने खसाखसा पुसा, मग खोक्यात सरकी काढलेल्या कापसाचा बिछाना, वरून शंभरचा बल्ब, दोन्ही बाजूंना कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. विदर्भात कापसाची काय वाण आहे? शेकोटी नको, धूर त्या कच्च्या फुप्फुसांना सोसत नाही. पिल्लू अगदीच थंडगार असेल तर गळ्यापर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्याच्या टबात धरा, म्हणजे अंग भिजत नाही. एक धोका मात्र आहे. जन्मून पाच-सहा तास उलटले असतील तर साखर संपलेली असते, आणि नुसती ऊब दिली तर पिल्लू झटके देऊ लागतं. अशा वेळी आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं, ते डॉक्टरनंच द्यायचं. 1962 या नंबरवर फोन लावा.

दुसरा उपाय, मागचे पाय धरून दहा मिनिटं उलटं टांगा. तोंडातला चिकटा गळून पडावा म्हणून दोन-चार सेकंद डोकं खाली केलं तर ठीक. दहा मिनिटं टांगलं की पोटातलं सगळं फुप्फुसांवर येऊन बसतं. नाकातोंडातला चिकटा बोटाने काढा, नाकपुडीत गवताची काडी फिरवा, शिंक आली की झालं.

तिसरा मुद्दा चिकाचा. “जार (वार) पडल्याशिवाय पिल्लाला तोंड लावू देऊ नका, आणि अपुऱ्या पिल्लाला चीक जड, तो पिळून टाका.” हे क्लिपवाल्याने शोधलेलं नाही, आमच्या आजीही हेच म्हणायच्या. उलटं आहे. पिल्लू सड ओढतं तेव्हा गर्भाशय आकसतं आणि जार सुटायला मदतच होते. आणि शेळीच्या गर्भात पिल्लाला आईकडून रोगाशी लढायची शिदोरी मिळतच नाही, ती सगळी चिकात असते. ती शिदोरी घेण्याची पिल्लाच्या आतड्याची ताकद पहिल्या सहा तासांत सर्वांत जास्त, चोवीस तासांनी जवळपास शून्य. साखरपाण्याने पोट भरेल, शिदोरी कुठून येणार? दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा तरी चीक गेला पाहिजे. सव्वा किलोचं पिल्लू असेल तर सव्वाशे मिली, दर दोन तासांनी थोडाथोडा, निपलच्या बाटलीने, पिल्लू उभं किंवा पोटावर बसलेलं ठेवून. आईला चीक नसेल तर दुसऱ्या बकरीचा, तोही नसेल तर गाईचा. कोमट करा; उकळला तर खरवस होईल, तो तुम्हीच खा.

आता इंजेक्शन. क्लिप म्हणते, मुदतीआधी कळा आल्या तर डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) टोचा, कळा थांबतात, “शहरात बाळंतिणींनाही हेच देतात.” हा अर्धा खरा आहे, आणि मला ते नाइलाजाने कबूल करावं लागतं. बायांना मुदतीआधी कळा आल्या तर डेक्सामेथासोन देतात, आपल्या सरकारी दवाखान्यांतही देतात. पण कळा थांबवायला नाही, बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून.

हे कळलं कशातून, तर मेंढ्यांतून. न्यूझीलंडचे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स प्रसूती कशाने सुरू होते याचा शोध घेत होते. त्यांनी मेंढीच्या पोटातल्या कोकरांना हेच स्टेरॉइड दिलं, आणि मेंढ्या मुदतीआधीच व्यायल्या. म्हणजे कळा सुरू झाल्या, थांबल्या नाहीत! 1969 साली त्यांनी लिहिलं, की इतक्या आधी जन्मलेली कोकरं जगायला नको होती, तरी श्वास घेत राहिली, फुप्फुसं थोडी उघडली होती. कच्च्या फुप्फुसातल्या बारीक पिशव्या ओल्या प्लास्टिकसारख्या आतून चिकटतात. ती चिकटू न देणारा थर या औषधाने लवकर तयार होतो. 1972 साली त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी बायांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली, आणि आजची पद्धत तिथून आली.

शेळीचा गर्भकाळ 150 दिवसांच्या आसपास. शेवटच्या आठ-दहा दिवसांत डॉक्टर ठरवून डेक्सा देतात ते ती दोनेक दिवसांत व्यावी म्हणून. मग गावातला कुणी अर्धवट शिकलेला माणूस 125 व्या दिवशी कळा ‘थांबवायला’ तेच टोचतो तेव्हा काय होणार? कळा थांबवायची औषधं वेगळी आहेत, आणि तीही आत पिल्लू जिवंत आहे का हे बघून द्यायची. मेलेलं पिल्लू आत कोंडलं तर बकरीही जाते. म्हणून पहिलं काम, बोकड दाखवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिणं. मोठ्या माईनं लिहिली होती, म्हणून 138 वा दिवस हे आम्हाला कळलं. 135 च्या आतलं पिल्लू क्वचितच टिकतं, हे मनाशी धरून ठेवावं.

पाचवा उपाय लिंबू-मिरची. गाभडणं, म्हणजे गर्भ पडणं, ही नजर, म्हणे. एखादी बकरी धक्क्याने, मारामारीने गाभडते हे खरं. पण कळपात दोन-तीन गाभडल्या तर ब्रुसेला, क्लॅमिडिया, टोक्सोप्लाझ्मा, असं काहीतरी फिरतंय असं समजा. ब्रुसेला माणसालाही होतो, महिनोन्महिने ताप आणि सांधेदुखी. जार आणि मेलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना टाकू नका, चुना घालून खोल पुरा. गरोदर बाईने त्या गोठ्याकडे फिरकायचंही नाही. मोठ्या माईची सून पाचव्या महिन्यात आहे, आणि जार तिनंच उचलला होता. तिला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं.

पिल्लू दीड तासात 100 वर आलं. पंचवीस मिली चीक चोखून प्यालं, रात्री ओरडलंही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलं. छातीतली गुरगुर काही थांबली नव्हती.

बकरीचं रक्त ब्रुसेलासाठी तपासायला दिलं आहे. मोठी माय नातवाला रोज सकाळी धारोष्ण दूध द्यायची. निकाल येईपर्यंत तो पेला चुलीवरून जातो. नातू नाक मुरडतो आणि माझं नाव घेऊन रडतो.