डॉक्टरांना डॉक्टर म्हणू नका

पीएच.डी. झाली? अभिनंदन! दारावरच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर नावाआधी ‘डॉ.’ चढवून झालंच असेल. आता इंग्रजी मुलखात निघालाच आहात, तर तिथे कुणाला काय म्हणायचं तेही ऐकून ठेवा.

आधी सर्जनला जपा. ब्रिटनमध्ये एमबीबीएस झालेल्या पोराला पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणतात, पदवी ‘बॅचलर’ची असली तरी. मग तो आणखी काही वर्षं रात्रपाळ्या करून झिजतो, सर्जन होण्यासाठी त्यांच्या रॉयल कॉलेजची परीक्षा पास होतो आणि बक्षीस म्हणून परत ‘मिस्टर’ होतो! 1540 साली आठव्या हेन्रीच्या राज्यात सर्जन आणि न्हावी एकाच संघात बांधले गेले होते. विद्यापीठातली डॉक्टरकी औषधं देणाऱ्या फिजिशियन मंडळींची. 1745मध्ये सर्जन न्हाव्यांपासून वेगळे झाले, पण ‘मिस्टर’ काही सोडला नाही. उलट आता तोच मान. तेव्हा जो माणूस तुमचं पोट कापणार आहे, त्याला भूल चढण्याआधी ‘डॉक्टर’ म्हणून दुखवू नका. सर्जन बाई असतील तर बहुधा ‘मिस’ म्हणावं लागेल, मग घरी नातवंडं का असेनात.

अमेरिकेत कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही बिनधास्त प्रोफेसर म्हणा. ब्रिटनमध्ये मात्र ते सर्वांत वरचं पद. तिथल्या लेक्चररला प्रोफेसर म्हणालात तर फुकटात बढती दिल्याचं पुण्य लागेल. व्हर्जिनिया विद्यापीठात तर प्राध्यापकांनाही नुसतं ‘मिस्टर’, ‘मिस’ म्हणायची जुनी रीत आहे. तिथे नोकरीचा अर्ज करूच नका. एवढा प्रबंध लिहून हाती काय?

आणि ‘डॉ.’ गाळा असा सल्ला कुणाला द्यायचा झाला, तर बाईमाणूस शोधा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडन यांच्या पत्नी जिल बायडन यांनी 2007 साली शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. 2020च्या डिसेंबरात ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधून एका गृहस्थांनी त्यांना ती उपाधी सोडून द्यायला सुचवलं. गृहस्थांची स्वतःची डॉक्टरेट मानद होती, म्हणजे अधिकार होताच. अमेरिकेचे एकेकाळचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजरही पीएच.डी.वालेच, पण ते जन्मभर ‘डॉ. किसिंजर’ म्हणून मिरवले. पुरुषांना असले सल्ले द्यायचे नसतात.

राहता राहिला तुमचा गाइड. त्याला पहिला मेल ‘रिस्पेक्टेड प्रोफेसर डॉक्टर सर’ असाच करा. दीड ओळीचं उत्तर येईल, खाली सही नुसती ‘माइक’. लगेच शेफारून जाऊ नका. पुढच्या मेलपासून ‘माइक सर’ म्हणा.