साधी राहणी, मोठा कूलर

नागपूरची पोरगी पुण्याला नोकरीला गेली, चौघींत एक खोली करून राहिली, मेसचं पाणचट वरण खाऊन वाळली, तरी तिचं कोण कौतुक! "हिमतीची आहे हो पोरगी." पण तीच पोरगी पूर्व नागपुरातलं आईबाबांचं घर सोडून पश्चिम नागपुरात खोली करते म्हणाली, की जो तो आवाज खाली आणून विचारतो, "काहून? भांडली का घरी?"

मी भांडले नव्हते. आयटी पार्कातली नोकरी, रात्री उशिरा सुटणारी शिफ्ट आणि घर वैष्णोदेवी चौकाच्या पलीकडे, हे सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण आमच्या घरातलं सामान. माणसं चार आणि पातेली चाळीस. दिवाणाच्या पोटात रजया, रजयांच्या पोटात स्वेटरं, स्वेटरांच्या पोटात डांबरगोळ्या. बंद पडलेला मिक्सर टाकायचा नाही, कारण त्याचं भांडं चांगलं आहे. भांडं वापरायचं नाही, कारण त्याचा मिक्सर बंद आहे. यातून बाहेर पडून मोजक्या सामानात राहून पाहावं, एवढीच माझी हौस. एक गादी, एक कुकर, एक बादली, दोन ताटल्या.

"दोन काहून?" मैत्रिणीनं लगेच पकडलं. "कोण येऊन राहिलं?"

त्रिमूर्तीनगरात खोली मिळाली. सगळ्यात वरची, गच्चीला लागून. घरमालकीण काकूंनी करार ११ महिन्यांचा केला आणि चौकशी सात पिढ्यांची. लग्न कधी, मूळ गाव कोणतं, आई बरी आहे ना, मग तू इकडे कशी? रात्री दहाला फाटक बंद. गच्चीवर पापड-कुरड्यांचा पहिला हक्क काकूंचा. आणि मटण-चिकन बिलकुल नाही. "सावजी खायचं असलं तर बाहेरून खाऊन ये बेटा, इथं वास नको." रविवारी दुपारी खालून जो वास वर यायचा तो वांग्याच्या भाजीचा नव्हता, पण करारात त्याबद्दल कलम नव्हतं.

फेब्रुवारी सुखात गेला. नागपूरचा फेब्रुवारी हा माणसाला वाट्टेल ते संकल्प करायला लावतो. सकाळी चौकात तर्री-पोहे, रात्री खिचडी, खिडकीतून गार वारा, खोलीत बोललं तर आवाज घुमावा इतकी मोकळी जागा. मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवत होते. मग होळी झाली, आणि एका संध्याकाळी काकूंनी जिन्यात अडवलं.

"कूलर कधी लावून राहिली?"

"नाही काकू, मी पंख्यावर भागवणार आहे. माठ आणलाय."

काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग वर बोट दाखवून म्हणाल्या, "बाई, वर स्लॅब आहे."

एवढंच. पण हवामान खात्याचा अंदाज इतका नेमका आणि इतका थोडक्यात कधी आलेला मी पाहिलेला नाही.

एप्रिलमध्ये स्लॅब बोलू लागला. दिवसभर खाल्लेलं ऊन तो रात्री सावकाश बाहेर काढायचा. मध्यरात्र उलटली तरी भिंतीला पाठ टेकवण्याची सोय नव्हती. पंखा फिरत होता, पण छताजवळची वाफ खाली आणून अंगावर ओतणं एवढंच त्याचं काम. टाकीतल्या पाण्याचं तर विचारूच नका. दुपारी नळ सोडला की फक्त चहापत्ती टाकायची बाकी. संध्याकाळच्या अंघोळीचं पाणी सकाळीच भरून ठेवायचं, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत माणसात येतं. त्यासाठी दुसरी बादली घ्यावी लागली. साध्या राहणीला पहिलं भोक इथं पडलं.

बाहेरच्यांना हे अतिशयोक्त वाटतं. २०२४च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं तापमान ५६ अंश दाखवलं. देशभर खळबळ उडाली. पुढं हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. बाकीच्या देशानं सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या गल्लीत मात्र एकमत होतं, की सेन्सर बरोबर होता, खात्यानं प्रकरण दाबलं.

तर मी कूलर घ्यायला गेले. मार्च उजाडला की रस्त्याच्या कडेला पत्र्याचे कूलर ओळीनं उभे राहतात. मला छोटा हवा होता. दुकानदारानं विचारलं, "खोली कितवा माळा?" मी म्हणाले, सगळ्यात वरचा. त्यानं छोट्या कूलरवर हातातलं फडकं टाकून तो झाकूनच टाकला आणि मला मोठ्यापाशी नेलं. तेव्हापासून माझ्याकडे एकच वस्तू जास्त आली असं म्हणायची सोय उरली नाही. कूलर एकटा येत नाही. त्याला खिडकीबाहेर लोखंडी स्टँड लागतो. स्टँड बसवायला मिस्त्री लागतो. मिस्त्रीला ग्रिलची एक पट्टी कापावी लागते, त्यासाठी काकूंची परवानगी लागते, आणि काकूंच्या परवानगीला तासभर लागतो. मग तीन बाजूंच्या ताट्यांना नवीन गवत. पंप. पाइप. लांब वायरीचा बोर्ड. आणि पाणी! हा गडी दिवसाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो, आणि ऐन उन्हाळ्यात काकूंच्या नळाला धार कमी. म्हणून एक ड्रम. ड्रमवर झाकण. ड्रममधून पाणी काढायला मग्गा.

बाबा हे सगळं बसवायला आले. मी वेगळी राहते यावर त्यांनी तोवर एक अक्षर काढलं नव्हतं. आले ते खिशात टेस्टर अडकवून, चेहऱ्यावर लग्नघरातला उत्साह घेऊन. आधी टेस्टर पत्र्याला लावून पाहिला. लाइट लागला नाही, तेव्हा समाधानानं मान हलवली. "चालू कूलरमध्ये हात नाही घालायचा. पाणी भरायचं तर आधी प्लग काढायचा. ओल्या पायानं तर जवळही नाही यायचं." मग समोरचं दार सताड उघडलं. मी म्हटलं, बाबा, गार हवा जाईल ना बाहेर.

"अगं, हा एसी नाही. पाणी वाळताना हवेतली गरमी ओढून नेतं, म्हणून गार वाटतं. ती ओली हवा बाहेर नाही काढली तर रात्री चिकट होऊन बसशील. आलेली हवा गेलीच पाहिजे."

दार उघडं, म्हणून धूळ. म्हणून पडदा. रात्री डास, म्हणून जाळी. पडदा उडतो, म्हणून त्याला खाली बांधायला एक वीट. कापलेल्या ग्रिलच्या बदल्यात काकूंनी गच्चीवरची एक तुळशीची कुंडीही माझ्या हवाली केली, ती वेगळीच.

पण खोटं कशाला बोलू. पंप सुरू झाला, त्यानं दोनदा घसा खाकरला, वरच्या नळीतून पाणी ताट्यांवर झिरपलं, कोरडं पिवळं गवत हळूहळू गडद होत खाली आलं, आणि पंख्याचं बटन दाबताच ओल्या गवताच्या वासाची एक गार झुळूक दोनचार थेंबांसह तोंडावर आली. साधेपणा वगैरे त्या झुळकीत जे उडालं ते पडद्याच्या विटेलाही आवरलं नसतं.

बातमी घरी पोचली. मेट्रोची ॲक्वा लाइन ११ डिसेंबर २०२२ला थेट प्रजापतीनगरपर्यंत गेली आणि पूर्व नागपूरच्या आयांना पश्चिम नागपूर हाताशी आलं. वैष्णोदेवी चौकात बसायचं, सुभाषनगरला उतरायचं, मधल्या बर्डीच्या जंक्शनला गाडीसुद्धा बदलायची नाही. आई येताना गोळाभात आणायची, सांबारवडी आणायची आणि दर खेपेला एखादं पातेलं. "राहू दे इथंच, घरी पडूनच होतं." त्या चाळीस पातेल्यांनी आता हप्त्याहप्त्यानं त्रिमूर्तीनगरात स्थलांतर चालवलं होतं. जेवून ती कूलरसमोर आडवी व्हायची आणि म्हणायची, "तुझी हवा आपल्या घरच्यापेक्षा चांगली आहे गं." हे तिनं मावशीला सांगितलं. मावशीनं पोरांना सांगितलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागला तेव्हा माझ्या एकांताच्या खोलीत एका गादीवर पाच माणसं आडवी पडलेली होती आणि मधोमध कोणी झोपायचं यावर भांडण सुरू होतं. मी, भाडं भरणारी, दाराशी.

जुलै आला. हवेतच इतकं पाणी, की कूलर नुसता आवाज आणि चिकचिक देऊ लागला. पावसाळ्यात महापालिकेची माणसं डेंग्यूच्या अळ्या शोधत फिरतात आणि आधी कूलरच पाहतात. त्यामुळे काकूंनी फर्मान काढलं, आजच्या आज पाणी काढ, पुसून आत ठेव. आत म्हणजे कुठं? मी आणि मिस्त्रीनं ते धूड उचलून खोलीत आणलं. आता पुढच्या मार्चपर्यंत कूलर घरजावयासारखा भिंतीशी बसून राहणार. काम नाही, धंदा नाही, वर जागा सगळ्यात चांगली. त्याच्यासाठी गादी मोरीजवळ सरकवली. त्याच्या डोक्यावर आईची पातेली चढवली. पोटातली जागा फुकट कशाला घालवायची म्हणून त्यात एक रजई कोंबली. डांबरगोळ्यांसकट.

काकू दारात उभ्या राहून हे सगळं पसंतीच्या नजरेनं पाहत होत्या.

"छान लावलं बेटा घर," त्या म्हणाल्या. "थंडीत पाण्याचं काय करून राहिली? गिझर, का रॉड?"