अमेरिकेत म्हणे कोणी मागे बघत नाही

भांडण सुरू झालं कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. विषय वर्गणीचा. दरवर्षी फुटबॉल सीझनच्या आधी आमच्या पेठेतल्या एका जुन्या फॉरवर्डचा सत्कार करायची पद्धत आहे, सत्तरच्या दशकात खेळलेला माणूस, शाल, नारळ, फेटा आणि चहा, सगळं मिळून फार तर पाच-सात हजाराचा मामला. यंदा हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका पोरानं लिहिलं की हे आता बंद करा, तेवढ्यात पोरांना चार चांगले बॉल येतील, मागे बघत बसायचा हा आपला रोगच आहे, परदेशात लोक पुढे बघतात म्हणून पुढे जातात. त्यावर आमचे मास्तर भडकले आणि त्यांनी बरोबर उलटं लिहिलं, की अमेरिकेत खेळाडूला डोक्यावर घेतात आणि आपल्याकडे खाशाबा जाधवांना अजून पद्म नाही. आणि मग दोघांनी मला टॅग केलं. दादा, तुम्ही तिथं आहात, तुम्हीच सांगा.

म्हणजे अमेरिका दोन्ही पार्ट्यांची साक्षीदार. डोकंच फिरलं. मी इतकी वर्षं ओहायोतल्या कोलंबसला राहतोय, इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर करतो, गावाला लागूनच असलेल्या डब्लिनला घर आहे, आणि ग्रुपवर माझा उपयोग एवढाच, कोणी वादात हरायला लागला की मला पुढे करायचं. तर सांगतोच आता, आणि लांबलचक सांगतो.

पहिल्यांदा हिंजवडीवाल्याला. बाळा, तू ज्या देशात लोक मागे बघत नाहीत म्हणतोस ना, त्या देशातल्या या गावात एका कॉलेजच्या पोराच्या आठवणींवर पन्नास वर्षं संसार चाललाय. आर्ची ग्रिफिन. इथलाच, कोलंबसचा, ईस्टमूर हायस्कूलचा. ओहायो स्टेट म्हणजे इथली युनिव्हर्सिटी, तिच्याकडून १९७२ ते १९७५ अमेरिकन फुटबॉल खेळला, बॉल हातात धरून पळायचा तो, उंचीला पाच फूट नऊ इंच, म्हणजे आपल्याकडे बस स्टॉपवर उभा राहिला तर कोणी वळून बघणार नाही. हाइसमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सगळ्यात भारी कॉलेज खेळाडूला दरवर्षी देतात ती, दोनदा, १९७४ आणि १९७५, आणि ती ट्रॉफी १९३५ पासून देतात पण दोनदा मिळालेला आजपर्यंत हा एकच. नियमित सीझनच्या सलग ३१ मॅचमध्ये दर वेळी बॉल घेऊन शंभरच्या वर यार्ड पळाला. एकूण ५,५८९. त्याचा ४५ नंबर १९९९ ला रिटायर केला, ओहायो युनियन या विद्यार्थ्यांच्या इमारतीतल्या मोठ्या हॉलला त्याचं नाव आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा बसला. पुतळा! आपल्याकडे कोणी पुतळा म्हटलं की तुम्ही लगेच व्यक्तिपूजा, मागासलेपणा सुरू करता. स्टेडियमशेजारी बकआय ग्रोव्ह म्हणून झाडी आहे, ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक उत्तम खेळाडूंत गणलेल्या, प्रत्येक खेळाडूच्या नावाचं एक झाड. आपल्याकडे असं केलं असतं तर तूच पहिला म्हणाला असतास की झाडांना पाणी कोण घालणार.

माझे शेजारी आहेत, ऐंशीच्या आसपासचे, रिटायर्ड. नोव्हेंबरात मिशिगनची, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या हाडवैरी युनिव्हर्सिटीची, मॅच जवळ आली की पानं गोळा करायच्या निमित्तानं ड्राइव्हवेवर उभे राहतात आणि कोण सापडतोय का बघतात. मी सापडतो. मग ३० सप्टेंबर १९७२ सुरू होतो. नॉर्थ कॅरोलायनाची मॅच. त्याच वर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना खेळू द्यायला लागले होते, आर्ची त्यातला, आणि आधीच्या आयोवाच्या मॅचला त्याला एकदाच बॉल मिळाला होता आणि तो त्यानं पाडला होता, म्हणजे संपलाच म्हणायचा. तर कोच वुडी हेजनी अचानक त्याचं नाव पुकारलं आणि हा इतका हरखला की हेल्मेट न घालताच मैदानात पळत सुटला, परत येऊन हेल्मेट घेतलं, आणि त्या दिवशी २३९ यार्ड काढले, कॉलेजचा रेकॉर्ड. इथपर्यंत आले की शेजारी रेक उलटा करून काखेत धरतात, गुडघे दुखतात तरी अर्धे वाकतात, उजवीकडे एक खोटं पाऊल टाकतात आणि डावीकडे निघतात. असा गेला, म्हणतात. पानांचा ढीग विस्कटतो. बायको खिडकीतून ओरडते.

हे मी कितीतरी वेळा पाहिलंय आणि दर वेळी मला पेठेतलं सलून आठवतं. आमचे न्हावीमामा गालावर वस्तरा ठेवून थांबायचे आणि आरशात बघून सांगायचे, की शाहू स्टेडियमला पलीकडच्या पेठेविरुद्ध आपल्या माणसानं गोल कसा मारला, बॉल छातीवर घेतला, खाली पडूच दिला नाही, आणि गोलकीपर अजून तिकडंच बघतोय. गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसलेलं. मामांचा वस्तरा हवेत वळायचा तसा बॉल वळायचा. आता सांगा, रेक आणि वस्तरा सोडला तर फरक काय? घरोघरी मातीच्याच चुली.

एक मात्र आहे, म्हातारे लोक हिशेबात सोयीस्कर असतात, इथले आणि तिथलेही. आर्ची चार रोझ बोल खेळला, म्हणजे सीझननंतरची कॅलिफोर्नियातली मानाची मॅच, चारही वर्षं सुरुवातीपासून मैदानात, त्यातले तीन हरले. शेजारी कधी सांगत नाहीत. ४२-२१ ने जिंकलेला एकच सांगतात. मिशिगनशी चार मॅच, तीन जिंकल्या आणि एक १०-१० बरोबरीत, हे मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. आणि ३१ मॅचची ती माळ तुटली कुठं तर मिशिगनविरुद्धच, १९७५ ला, ४६ यार्डांवर अडवलं त्याला. यावर त्यांचं उत्तर, मॅच तर आम्हीच जिंकली ना. पुढे सिनसिनाटीला प्रोफेशनल खेळला सात सीझन, साधारणच खेळला, तो विषय काढला तर ते पानं गोळा करायला लागतात.

आता मास्तर. मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण अमेरिकेत खेळाडूला डोक्यावर घेतात हे अर्धंच आहे. याच कॉलेजात धावपटू जेसी ओवेन्स होता. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं, हिटलरच्या नाकावर टिच्चून वगैरे सगळं आपण शाळेत वाचलंय. पण इथं शिकत असताना त्याला स्कॉलरशिप नव्हती, काळ्या पोरांना कॅम्पसच्या हॉस्टेलमध्ये जागा नव्हती, आणि तो स्टेटहाउसमध्ये लिफ्ट चालवून शिकत होता. पदकं घेऊन परत आला तर पोटासाठी घोड्यांबरोबर शर्यती लावायची वेळ आली. घोड्यांबरोबर, मास्तर. नंतर त्याच्या नावानं स्टेडियम बांधलं, ते नंतर.

आणि खाशाबांचं म्हणाल तर त्यात मला लाज वाटते तशी छातीही फुगते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपॉल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. असा एक प्रिन्सिपॉल मला या देशात दाखवा. कुस्तीत ब्राँझ घेऊन आले तर कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक. ती मिरवणूक गावानं काढली, सरकारनं नाही. सरकारनं पुढं पोलिसातली नोकरी दिली आणि शेवटी पेन्शनसाठी झुलवलं, १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार दिला तो २००० चा, मरणोत्तर. तुमचा राग खराय, पण तो दिल्लीवर काढा, पेठेच्या आठवणीवर नको. पेठ विसरलेली नाही. सात हजारांचा सत्कार बंद करायचं चाललंय म्हणून तर मी हे लिहितोय.

इथं आल्यावर आणखी एक गंमत कळली. म्हातारे फॅन गळा काढतात की आर्चीच्या वेळी पोरं पैशासाठी खेळत नव्हती. २०२१ पासून कॉलेजच्या पोरांना जाहिराती-बिहिरातीचे पैसे घ्यायला मोकळीक झाली, आणि २०२४ च्या टीमवर वीस मिलियन डॉलर गेले असं कॉलेजच्याच माणसांनी सांगितलं, ती टीम पुढच्या जानेवारीत नॅशनल चॅम्पियन झाली. शेजाऱ्यांना ते जिंकणं गोड लागलं पण पैसे कडू लागले. आता मला सांगा, १९७५ ला स्टेडियम काय फुकट भरत होतं? ऐंशी हजारांच्या वर लोक तिकीट काढून यायचे, वुडी हेजला पगार होता, टीव्हीला जाहिराती होत्या, फक्त जो बॉल घेऊन पळत होता त्याला फी आणि जेवण. निःस्वार्थ खेळाचं कौतुक नेहमी गॅलरीत बसलेल्यालाच असतं. आमच्या पेठेतही तेच. तो फॉरवर्ड अनवाणी प्रॅक्टिस करायचा हे आम्ही अभिमानानं सांगतो, त्याला कोणी बूट का घेऊन दिले नाहीत हे कोणी विचारत नाही. बाहेरून पैसे देऊन प्लेअर आणले की मात्र फुटबॉल बाटला म्हणून बोंब.

आणि हुल्लडबाजी. कोल्हापूरच्या पेपरात सीझनमध्ये एक बातमी ठरलेली, शाहू स्टेडियमवर समर्थक भिडले, पोलिसांचा सौम्य लाठीमार. मग ग्रुपवर कोणीतरी लिहिणार, आपल्याला शिस्तच नाही, परदेशात बघा. बघितलं की! २००२ ला मिशिगनला हरवलं, हरवलं म्हणजे जिंकले हां, त्या रात्री कॅम्पसजवळ पोरांनी गाड्या उलट्या करून पेटवल्या, सोफे जाळले. जिंकल्याच्या आनंदात. मिशिगनच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवर जिथं जिथं एम अक्षर आहे तिथं लाल टेपनं फुली मारतात, आणि हे युनिव्हर्सिटीतले शिकलेले लोक. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पेठेतल्या माणसाला आवडणारच.

पण हे सगळं इतकं पाठ कसं झालं असं तुम्ही विचाराल. इथंच जरा अडतं. मी मुद्दाम पाठ केलंय. नवीन असताना ऑफिसात सोमवारी सकाळी सगळे शनिवारच्या मॅचवर बोलायचे आणि मी कॉफी मशीनशी उभा राहून हसायचो, कशाला हसतोय ते न कळता. मग आकडे पाठ केले, आर्ची, वुडी, १०-१०, सगळं. एकदा एका टेलगेटला, म्हणजे मॅचआधी पार्किंगमध्ये खाणंपिणं चालतं तिथं, क्रॉकपॉटमधली चिली वाढून घेताना ४५ नंबरची जर्सी घातलेला एक म्हातारा नॉर्थ कॅरोलायनाची मॅच १९७३ ची म्हणून सांगत होता, तर मी पटकन म्हटलं, ७२. तो वळला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, बरोबर, ७२, तू होतास तिथं? सगळे हसले, मीही हसलो. मी तर जन्मलोही नव्हतो. ७२ म्हणजे आमच्या घरात दुष्काळ. आजोळ आटपाडीकडचं, आजी खडी फोडायला जायची, सुकडी आणायची, आणि अमेरिकेतून आलेली ती मिलो म्हणजे लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची, असं ती मरेपर्यंत सांगायची. आमच्या घरात अमेरिका पहिल्यांदा आली ती तशी. आर्ची पळत होता त्याच सुमाराला. हे त्या टेलगेटला कुणाला सांगणार, आणि कशाला.

तिकडे पेठेत आता कोण सेंटर फॉरवर्ड आहे ते मला माहीत नाही. लाइव्ह लिंक येते, इथं पहाटेचे चार-पाच वाजलेले असतात, कधी बघतो, कधी नाही. तरी ग्रुपवर मत द्यायला मी पुढं, आणि डॉलर पाठवतो म्हणून ऐकूनही घेतात. हिंजवडीवाला एकदा चिडून म्हणाला होता, दादा तुम्ही बसा तिकडं आणि आठवणी काढा, मैदानात चिखल आम्ही तुडवतोय. बोलला ते लागलं. पण मुद्दा सोडत नाही मी.

कारण खरा फरक प्रेमात नाही, वहीत आहे. आर्चीचा प्रत्येक रन लिहिलेला आहे, कुठल्या तारखेला, किती यार्ड, किती मॅच. शेजाऱ्यांनी कितीही तिखटमीठ लावलं तरी खाली आकडा आहे, म्हणून तर मला ७२ म्हणता आलं. आमच्या माणसानं आयुष्यात किती गोल मारले? ग्रुपवर विचारलं तर शंभरपासून चारशेपर्यंत उत्तरं आली. न्हावीमामा गेले, त्यांच्याबरोबर तो गोल गेला. ज्यांच्याकडे पेपरची कात्रणं होती त्यांची घरं पाडून अपार्टमेंट झाली. फॉरवर्ड स्वतः अजून आहेत, सायकलच्या दुकानाबाहेर बसतात, कान मंद झालेत पण मॅचचा विषय काढला की बोलतात. शाल नका देऊ हवं तर, शाली त्यांच्याकडे कपाटभर असतील. एक पोरगं मोबाइल घेऊन दोन दुपारी बसवा त्यांच्यासमोर आणि पेपरच्या ऑफिसात जाऊन जुने अंक चाळा. खर्च माझा. हे मी ग्रुपवर टाकलं, त्यावर मास्तरांनी अंगठा दिला आणि हिंजवडीवाल्यानं विचारलं की एक्सेल शीट चालेल का. चालेल बाबा, पळेल.

माझी मुलगी यंदा ओहायो स्टेटला लागली. तिला आर्ची ग्रिफिन म्हणजे तो हॉल एवढंच माहीत, आणि काही अडत नाही तिचं. ती सहज म्हणते, आमची टीम. रस्त्यात कोणीही ओ-एच ओरडला की ती आय-ओ ओरडून ओहायो पुरं करते, विचार न करता, आणि मी अजून आधी आजूबाजूला बघतो. तिला विद्यार्थ्यांच्या कोट्यातलं तिकीट आहे. माझ्यासाठी मिशिगनच्या मॅचचं रीसेलला बघितलं तर एका तिकिटाच्या पैशात पेठेतले कितीतरी सत्कार झाले असते, म्हणून टीव्हीच बरा म्हटलं. शेजाऱ्यांना विचारलं, तुम्ही जाताय का. ते म्हणाले, पंच्याहत्तरनंतर तिथं बघण्यासारखं काय उरलंय.