आधी छातीला हात लावा, मग नंबर द्या

आज कुत्र्यांच्या शोवरून आले ती धुमसतच. माझ्या चिंगीचा, माझ्या बॉर्डर टेरियरचा, नंबर हुकला म्हणून नव्हे, ती तर आज रिंगणात उतरलीच नव्हती. राग परीक्षकांचा आलाय. बॉर्डर टेरियरच्या अख्ख्या वर्गात त्यांनी एकाही कुत्र्याची छाती दोन हातांत धरून पाहिली नाही. दात पाहिले, शेपटी पाहिली, दोन फेऱ्या पळवलं आणि पिंपासारख्या छातीच्या, कात्रीने गुळगुळीत केलेल्या एका नराला पहिला नंबर देऊन मोकळे झाले. टाळ्याही पडल्या!

ज्यांना ही जात माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांतली ही कुत्री. कोकरं पळवणाऱ्या कोल्ह्यामागे घोड्यांच्या बरोबरीने धावायचं आणि तो खडकाखाली बिळात शिरला की मागोमाग आत जायचं, हे यांचं काम. छाती रुंद असेल तर कुत्रा आत अडकतो, आणि वेळेवर खणून काढला नाही तर तिथेच मरतो. म्हणून जातीच्या मानकात स्वच्छ लिहिलंय की खांद्यामागे छाती दोन्ही हातांच्या पकडीत मावली पाहिजे. मादी साधारण ५.२ ते ६.४ किलोची, नर फार तर ७ किलोचा. कातडी जाड, केस राठ. हे केस बोटांनी उपटून काढायचे असतात. कात्री लावत राहिलं की ते मऊ पडतात, मग पाऊस अंगात मुरतो.

हे सगळं मला शिकवलं उत्तर इंग्लंडमधल्या कोकेट नदीच्या खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने. चिंगी त्यांच्याच घरची. पिल्लं बघायला गेले, तर पिल्लं राहिली बाजूला, आधी त्यांनी आईला टेबलावर उभं केलं आणि मला म्हणाले, धर. मी मागून तिच्या कोपरांमागे हात घातले. वर पाठीवर अंगठे जुळले, खाली बोटं. मग त्यांनी एक नर आणला. काय देखणा होता! भिंतीवर त्याच्या बक्षिसांच्या रिबिनी टांगलेल्या. त्याला धरलं, तर अंगठे जुळेनात. त्या नरापासून त्यांनी एकही वेत घेतलं नव्हतं. लोक पैसे घेऊन आपल्या माद्या आणायचे आणि हे चहा पाजून परत पाठवायचे. तो कुत्रा शेवटपर्यंत त्यांच्या चुलीपाशी लाडात राहिला, पण त्याचा वंश त्यांनी वाढवला नाही.

आज जिंकलेल्या नराकडे आता किती माद्या येतील सांगा. एका रिबिनीने पुढच्या चार पिढ्यांच्या फासळ्या ठरतात, आणि परीक्षकांना एवढे हात लावायचं जड झालं?

कोणी म्हणेल, शिकार आता राहिलीय कुठे? बरोबर आहे. २००४च्या कायद्याने इंग्लंडमध्ये कुत्री सोडून कोल्हे मारायला बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. पण काम गेलं म्हणून शरीर बिघडवायचं का? पगचं नाक, बुलडॉगचं डोकं कुणी बिघडवलं? शोवाल्यांनीच, हेही कबूल. २००८ साली बीबीसीने ते जगाला दाखवलं, तेव्हा कुठे जातींची मानकं ठरवणारा इथला केनेल क्लब हलला आणि मानकं तपासायला बसला. आमची जात वाचली ती मेंढपाळांच्या हट्टामुळे. १९२०मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली, तेव्हाही कित्येकांना धास्ती होती की आता शोवाले हिची वाट लावणार. आज त्या माणसांची फार आठवण झाली.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. चांगलं काम करणारेही आहेतच. बेडलिंग्टन टेरियर इथल्याच, नॉर्दम्बरलँडमधल्या खाणकामगारांच्या गावचा. त्याच्या यकृतात तांबं साचायचं आणि कुत्री तरुणपणीच जायची. पाळणाऱ्यांनी तपासण्या केल्या, आपली लाडकी, बक्षिसं मिळवलेली कुत्रीसुद्धा प्रजननातून बाजूला काढली आणि तो आजार खूप कमी केला. बॉर्डर टेरियरमध्ये पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की थरथर कापू लागतात, उभीच राहू शकत नाहीत, असा एक आनुवंशिक रोग आहे. त्याचीही डीएनए चाचणी आहे. दोन वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण रोगाचा जनुक बाळगणारी कुत्री, एकत्र आणले नाहीत तर एकही पिल्लू त्या रोगाने जात नाही. जातिवंत कुत्रा म्हणजे माझ्या लेखी हे. त्या आजोबांनी नर चुलीपाशी ठेवला, तेही हेच.

आणि घरी येऊन फोन उघडते तर पुण्याहून मामेभावाचा मेसेज. त्याला ‘टीकप’ यॉर्की, म्हणजे इवलासा यॉर्कशायर टेरियर घ्यायचाय, तळहातावर मावणारा, कागदपत्रांसकट, उद्या घरपोच! पुन्हा डोकं फिरलं. दादा, इथेच लिहिते, राग मानू नकोस. त्या पिल्लाची आई पाहिलीस का? ती चालते कशी, गुडघ्याची वाटी सरकते का, दात किती आहेत, कितवं वेत आहे, विचारलंस? कागदावर वंशावळ असते, गुडघा नसतो. विकणारा आई दाखवत नसेल तर पैसे देऊ नकोस, मग वहिनी कितीही रुसू दे.

आता क्लबला पत्र लिहायला बसतेय. मागणी एकच: बॉर्डरच्या वर्गात प्रत्येक कुत्र्याची छाती हातात धरून पाहिल्याशिवाय निकाल लावायचा नाही. इथे यूकेत ज्यांच्याकडे टेरियर आहे त्यांनी सही द्यायची असेल तर रविवारपर्यंत मला मेसेज करा.