त्या सात तोफांबद्दल, आणि ‘हौशे-नवशे’ या शब्दांबद्दल

नमस्कार.

वॉर्गेमिंगच्या, म्हणजे टेबलावर लढाया मांडून खेळायच्या खेळातल्या, जुन्या छोट्या तोफा मी पुन्हा रंगवल्या, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. सुरुवातच तुम्ही अशी केलीत: “हौशे-नवशे-गवशे ब्रश घेऊन बसले की असंच होणार. पन्नास वर्षांपूर्वीचा रंग खरवडून तुम्ही त्या तोफांचा इतिहास पुसलात.”

मतभेद असावेत, त्याला माझी ना नाही. पण ओळख ना पाळख आणि पहिल्याच ओळीत हौशे-नवशे? हेच तुम्ही “रंग का काढलात?” असं विचारलं असतं, तर मी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं असतं. असो, आता देतो.

तुमचं एक म्हणणं आधी मान्य करतो. गाड्यावरच्या लोखंडी पट्ट्या आणि कड्या मी चंदेरी ठेवल्या. ब्रिटिश तोफगाड्याचं लाकूड राखाडी आणि लोखंडकाम काळं असायचं. चूक माझी आहे, दुरुस्त करतो.

आता इतिहासाबद्दल. या तोफा १९७० च्या दशकातल्या, २५ मिलिमीटर मापाच्या, शिशाच्या मिश्रधातूत ओतलेल्या. इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरीला होतो तेव्हा शेजारच्या घरात एक आजोबा राहायचे. दर शनिवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वॉटर्लूची, म्हणजे इंग्रज आणि फ्रेंचांमधली, लढाई मांडलेली असायची. फासे कसे टाकायचे, तोफ टेकडीवर का न्यायची, घोडदळ अंगावर आलं की गोलंदाजांनी तोफा सोडून पायदळाच्या चौकोनात का पळायचं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. पाच वर्षं मी त्या टेबलाशी बसलो आहे. ते गेल्यावर आजींनी तोफांचा खोका माझ्या हातात ठेवला, “या खेळात राहू देत” म्हणाल्या. तोफा कोणाच्या आणि कशासाठी, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

त्या तोफा वर्षानुवर्षं ओकच्या ड्रॉवरमध्ये होत्या. ओकच्या लाकडातून आम्ल वाफ निघत राहते. बंद खणात ती आणि हवेतला दमटपणा मिळून शिशाला खातात आणि वर पांढरी भुकटी धरते. खेळाडू याला ‘लेड रॉट’ म्हणतात. ही भुकटी म्हणजे शिशाचा कार्बोनेट, आणि ती विषारी असते. एकदा सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही. वरून रंग शाबूत दिसतो, आतून धातू जात असतो. सातांपैकी तीन तोफांवर रंगाला फोड आले होते. एकीच्या चाकाला बोट लावलं तर दोन आरे तुटून तळहातावर पडले, खडूसारखे. तो रंग ‘जपला’ असता तर आणखी काही वर्षांनी तुमच्या इतिहासाला चाकंच उरली नसती.

आणि ‘खरवडून’ हा शब्द तुम्ही कुठून आणलात? मी ब्लेड लावलेलं नाही. शिशाची भुकटी कोरडी खरवडली तर ती नाकात जाते, म्हणून ते कोणी करूच नये. हातमोजे घालून तोफा दिवसभर न मिसळलेल्या डेटॉलमध्ये बुडवून ठेवल्या, मग जुन्या टूथब्रशनं घासल्या. धुतानाही आधी डेटॉलच, कारण लगेच पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट गोळा होतो आणि तो खाचांमध्ये जाऊन बसतो. नंतर साबणपाणी, पूर्ण वाळवणं, प्रायमर म्हणजे रंगाखालचं अस्तर. हे सगळं लेखात होतं. तुम्ही बहुतेक फोटोच पाहिले.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट, जी मी लेखात लिहिली नव्हती. पहिल्या तोफेवरचा हिरवा एनॅमल सुटला तेव्हा खाली राखाडी निघाला. शेपटीच्या खाचेत, ब्रश नीट पोचत नाही तिथे, नखाएवढा स्वच्छ राखाडी तुकडा. म्हणजे आजोबांनी या तोफा आधी ब्रिटिश रंगात केल्या होत्या आणि पुढे कधीतरी फ्रेंच बाजूला तोफा कमी पडल्या म्हणून हिरव्या केल्या. फ्रेंच गाडे हिरवेच असायचे. त्यांनी स्वतःचा रंग स्वतः झाकला होता! मग तुम्हाला कोणता थर वाचवायचा होता? मी राखाडीवर परत आलो. तो त्यांचाच पहिला रंग आहे. त्या टेबलाशी बसलेला माणूस म्हणून सांगतो, ते आज असते तर डेटॉलची बाटली त्यांनीच पुढे केली असती.

“मराठी माणसानं इंग्रजांच्या तोफा कशाला रंगवायच्या?” हा तुमचा तिसरा प्रश्न. ज्या इंग्रज सेनापती वेलिंग्टननं १८१५ मध्ये वॉटर्लू जिंकली, तोच २३ सप्टेंबर १८०३ ला आसईला शिंद्यांच्या तोफांसमोर उभा होता. याहून जास्त उत्तर द्यावं असं मला वाटत नाही.

“एवढ्या खटाटोपात नव्या आल्या असत्या,” हेही तुम्ही लिहिलंत. येतात. मला नव्या नको होत्या.

तुम्ही स्वतः किती तोफा रंगवल्यात हे लिहिलं नाहीत. रंगवल्या असतील तर फोटो जरूर पाठवा, मी आदरानं पाहीन. नसतील, तर पुढच्या वेळी निदान लेख शेवटपर्यंत वाचून लिहा.

पट्ट्या या रविवारी काळ्या करतो. तुटलेल्या आऱ्यांच्या जागी पितळी तार बसवली आहे, तिचा जवळून घेतलेला फोटोही त्याच वेळी टाकेन.